जहाज सुरक्षित

६ ऑक्टोबर
सिडकोत खोली मिळाली, नोकरीही. आता फुलंब्रीहून रोज बसनं ये-जा करायला नको. ऑफिसात बसून उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातली जहाजं नकाशावर बघायची, सॅटेलाइट फोनवर बोलायचं, नोंदी करायच्या. तिथलं पाणी तापत चाललंय, बर्फ विरळ झालाय, म्हणून कंपन्या आता हिवाळ्याच्या तोंडावरही जहाजं घालतात. शेजारच्या टेबलावरच्या जहांआरा आपांनी डब्यातला नानखलिया खाऊ घातला. छान माणसं आहेत.

९ ऑक्टोबर
एका तेलवाहू जहाजाचा ठिपका नकाशावरून नाहीसा झाला. आपा म्हणाल्या, चोरीचा माल असला की ठिकाण सांगणारं यंत्र मुद्दाम बंद करतात. आमचे साहेब, राजेंद्र सर, यांनी बजावलं, 'सुरक्षित' लिहून मोकळी हो. लिहिलं.

११ ऑक्टोबर
त्याच जहाजाचा फोन. आचारी सोमनाथ, आपल्या लासूर स्टेशनचा. मराठी ऐकून रडायलाच लागला. वाऱ्यानं दोन्ही बाजूंनी बर्फ रेटलाय, पत्रा वाकतोय, तेवीस माणसं आहेत. बचाव पथक का येत नाही, विचारत होता. येणार कसं? त्यांना माझी नोंद दिसते. सरांना सांगितलं. ते म्हणाले, नोंद बदललीस तर खोटी लिहिली म्हणून तूच आत जाशील.
मी बदलली नाही.
सोमनाथनं आईचा नंबर दिला होता. द्वारकाबाईंना कळवलं, मुलगा सुखरूप आहे. दिवाळीला लाडू घेऊन येते म्हणाल्या, माझा पत्ता लिहून घेतला.

१४ ऑक्टोबर
जहाज बुडालं. वरून जाणाऱ्या एका विमानाला पाण्यावर तेल दिसलं, माणूस एकही नाही. सर म्हणाले, विषय संपला.

१५ ऑक्टोबर
सकाळी अकराला तोच फोन. सोमनाथ. आवाज अगदी शांत. म्हणाला, ताई, तुमच्याकडं आम्ही सुरक्षित आहोत नं? मग येतो आम्ही.
आपांनीही ऐकलं. पर्स उचलून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

१६ ऑक्टोबर
सर गेले. घरात सापडले — एवढ्या उकाड्यात अंग गोठलेलं, तोंडात खारं पाणी —
नोंद खोडून 'बुडालं' लिहिलं. आपोआप परत 'सुरक्षित' उमटलं. तीनदा खोडलं. तीनदा.

१७ ऑक्टोबर
द्वारकाबाईंना खरं सांगायला फोन लावला. त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, आला की माझा लेक काल. लई गार पडलंय पोरगं, निस्तं पाणी गळतंय अंगातून. संगं बावीस जण हायेत. तुमचं घर विचारत व्हता, म्या पत्ता दिला. सकाळीच निघाले.

दुपारी दोन
जिन्यात पावलं — ओली — फार जणांची —
दाराखालून पाणी आलं. पाय फरशीला चिकटले, उचलत नाहीत. कुणी दार वाजवत नाही. कडी मी आतून लावलीय, तरी ती हळूहळू सरकत—