कव्हर आधी, हवा नंतर

३ ऑगस्ट
पेणहून टायरची हवा मोजायचा गेज आणला. गोल डायल, आत काटा, वर काच. टेम्पोच्या धंद्यात आता शास्त्र आलं. गेल्या वर्षी दत्तात्रेयच्या कारखान्यातले गणपती जोह्याहून रोह्याला नेले तेव्हा काहींच्या सोंडा गेल्या. दत्तात्रेय म्हणाला, टायर दगडासारखे टम्म होते, गाडी नुसती उडत होती. यंदा पहिली खेप नीट पोचली तर सगळ्या सीझनचं भाडं मला, नाहीतर इलियासच्या टेम्पोला. हे भाडं मला पाहिजेच. आमचं वर्ष त्यावर निघतं. बायकोचं म्हणणं, अवो, हवा जास्ती हाय तं थोडी सोडा, झाला. मालूला टेक्निकल बाबी कळत नाहीत.
निश्चय : उद्यापासून रोज सकाळी चारही टायर चेक करणे.

४ ऑगस्ट, सकाळ
चेक केले नाहीत. गेजला काच आहे. हातातून पडला तर? आधी रबरी कव्हर, मग वापर. दुकानात तयार कव्हर होतं, पण काटा दिसावा म्हणून त्याला पुढून मोठं भोक. भोकच ठेवायचं तर कव्हर कशाला? शिवाय आमच्या जोह्यात गणपतीचे रबरी साचे बनतात आणि मी बाहेरचं रबर घेऊ?

६ ऑगस्ट
दत्तात्रेयकडे साचे करणाऱ्या जनूला गेज दिला. तो ब्रशने रबराचा थर देतो, वाळला की वर दुसरा. त्याने विचारलं, काच पन झाकू? म्हटलं, काच तर पहिली झाक. टायरला लावायची नळी तेवढी बाहेर ठेव. मग त्याने विचारलं, गेज काढायला चीर कुठं देऊ. म्हटलं, चीर अजिबात नको, धूळ जाते. त्याने ब्रश खाली ठेवून गेज उलटसुलट करून बघितला. इतका विचार करणारं गिऱ्हाईक त्याला पूर्वी मिळालं नसावं.

११ ऑगस्ट
हवेत ओल. थर वाळत नाहीत. टायर तसेच. मालूने विचारलं. तिला सांगितलं, गेज हातात येईपर्यंत हवेला शिवायचं नाही, अंदाजपंचे कारभार बंद.

१५ ऑगस्ट
गेज मिळाला. पिवळट, गुबगुबीत. मालूसमोर मुद्दाम हातातून सोडला. टुणकन उडाला आणि पलंगाखाली गेला. काही फुटलं नाही. बहुतेक. टायरला लावला तर फुस्स आवाज आला, म्हणजे चालू आहे. काटा कितीवर आहे ते कळत नाही, पण ते किरकोळ. मालू म्हणाली, मंग कापा नी बगा. आणि ब्लेड काचेला लागलं म्हणजे?

१८ ऑगस्ट
उद्या खेप. वडखळला हवावाल्याकडे गेलो. त्याच्याकडे स्वतःचा गेज आहे, पण उघडा. किती वेळा आपटलाय कोण जाणे. असल्या गेजवर मी विश्वास ठेवत नाही. त्याला माझा दाखवला. म्हणाला, यो बटाटा कसला. दुर्लक्ष केलं. टायरवर बुक्की मारून अनुभवाने हवा भरून घेतली. माल नाजूक म्हणून वर थोडी जास्त.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
खेप झाली. मागे पेंढ्यात मूर्ती, शेजारी दत्तात्रेय, आमच्या दोघांच्या मधे सीटवर गेज. नागोठण्यापर्यंत उत्तम. गाडी थोडी उडत होती, पण हायवेच तसा. पुढे एका खड्ड्याशी गेज घरंगळून खाली निघाला. झटकन वाकून धरला. त्यात तो खड्डा चुकवायचा राहिला. पुढचाही. गेजला ओरखडासुद्धा नाही. दत्तात्रेयने रोह्यापर्यंत डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून ठेवला. गेज पडला असता म्हणून तोही हादरला असावा. रोह्यात ताडपत्री काढली. मूर्तींबद्दल उद्या लिहीन.

२० ऑगस्ट
मूर्तींबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. रस्ता खराब.

२३ ऑगस्ट
जनूबरोबर निरोप आला. भाडं इलियासला. लगेच कारखान्यात गेलो, दत्तात्रेयला रस्त्याचं सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि गेज मागितला. जनूने कव्हरला एक चीर दिली, साच्यातून मूर्ती सोडवतात तसा गेज सोडवला आणि माझ्या हातात दिला. कव्हर ठेवून घेतलं. ह्या साच्यात बारक्या गणपतीचा पाट चांगला निघंल, म्हणाला. दत्तात्रेय म्हणाला, कमळाकर, तू मानूस चांगला हायस, पन माजं देव तुज्या गाडीत नाय घालनार. फार वाईट वाटलं. घरी येईपर्यंत रस्त्याला एकही शिवी सुचली नाही.

२४ ऑगस्ट
आज पहिल्यांदा गेज काटा बघून वापरला. काटा पार शेवटाला जाऊन टेकला. दुसऱ्या टायरला तेच. चारही चाकांना तेच. मालू दारात उभी होती. वळून आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.
बसून एकेका टायरची हवा सोडली, काटा बरोबर आकड्यावर आणला. तेवढ्यात इलियास मूर्ती भरून समोरून गेला. हळू चालवत होता. त्याने हात केला, मीही केला.
चारही चाकांत हवा आता अगदी पाहिजे तितकी आहे. न्यायला काही नाही.