आजी ठणठणीत आहे

पुरानी बस्ती, रायपूर
९ जानेवारी २०२५

चि. विहंगले आजीचे पोटभर आशीर्वाद.

काय रे भुलक्कडा, पाकिटावर मोठ्ठं लिहिलंस, 'फक्त आजीने वाचावे'. आजीले अक्षर येत नाही, विसरलास ना? शेजारच्या शारदेने वाचलं. आता तीच लिहून राहिली आहे.

तू म्हणतोस, नशामुक्ती केंद्राच्या डॉक्टरले फोन कर, आजी सीरियस आहे, नातवाले पाठवा. फौजेत होतास तेव्हा मी दर दिवाळीले सीरियस व्हायची. साहेबाले फोन जायचा, तुले सुटी मिळायची, अन् मी मरता मरता चकल्या तळायची.

मागच्या महिन्यातही तुझ्यासाठी सीरियस झाली. दार उघडं ठेवून बसली होती. तू सुटी घेऊन अभनपूरच्या केंद्रातून निघालास अन् वाटेत गुढियारीतच उतरलास, त्या पुडीवाल्यांकडे. घरी आलाच नाहीस.

गुडघा फुटला, दुखण्याच्या गोळ्या लागल्या, गोळ्यांवरून नशेच्या पुडीवर गेलास. फौजेने काढलं, ते झालं. पोलिसांनी धरलं, पण पुडी लहान होती म्हणून कोर्टाने इलाजाले धाडलं. पुरा केलास तर खटला नाही. आता मधूनच निघालास तर खटला परत उभा राहील, पुन्हा संधी नाही. वकीलसाहेबांनी मले हे बजावून सांगितलं.

तेव्हा डॉक्टरले फोन जाणार नाही. आजी ठणठणीत आहे.

शारदेने पेन खाली ठेवला. म्हणे, "आजी, खोटं काहून लिहायले लावता?" मी म्हटलं, "तू लिही न वं."

खाट खिडकीपाशी घेतली आहे. पायाले सूज आहे, चप्पल चढत नाही, पण मले जायचं तरी कुठे? दिवसभर भिंतींशी बोलते. तुझ्यासारखं उलट उत्तर देत नाहीत बिचाऱ्या. पाऱ्यातले शेजारीपाजारी विचारतात, "फौजी कब आएगा?" मी म्हणते, "ड्यूटी पे है." हे मात्र खोटं नाही, विहंग.

पळून आलास तर दार उघडणार नाही. उठता आलं तरी उघडणार नाही. हे 'उठता आलं तरी' खोड म्हटलं, तर ही शारदा खोडत नाही.

तू तिथे राहा रे पोट्ट्या. मी इथे राहते, जमेल तितकी.

तुझी वाट पाहणारी, पण आत्ता नको म्हणणारी,
इंदूआजी

ता. क. रविवारी तुझा दोस्त पराग भेटायले येईल. तुमच्या स्वयंपाकघरातून भाताची पेज पाठव, पातळ. तूच शिजव. मीठ घालू नको, डॉक्टरने मले बंद केलं आहे. डबा त्याच्याच हाती दे.