अकराजवळचा उंचवटा

बुधवार संध्याकाळ, शहापूर

किळस येऊन राहिली, आणि सरांची नाही, माझीच. दुपारी माझ्या पीएचडीच्या गाइड सरांचा फोन. "आलेखातला अकरा मायक्रॉनजवळचा तो बारका उंचवटा काढून टाक. परीक्षक उगाच विचारत बसतील."

आलेख म्हाताऱ्या ताऱ्याभोवतीच्या ढगातून आलेल्या इन्फ्रारेड उजेडाचा; त्याच्या लहरींची लांबी मायक्रॉनमध्ये मोजतात. चुलीच्या काजळीत असतात तसलेच रेणू तिथं चमकतात. उंचवटा त्यांचाच असेल, किंवा नुसता यंत्राचा गोंधळ. तपासलं का मी? नाही. "हो सर" म्हटलं, अन् दोन मिनिटांत रेषा इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत. लगेच पाठवूनही दिली. शी.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. वर म्हटलं, तूही तर नको ते काढूनच टाकतेस. काहून बोलले असं?

तिनं सुपातला एक काळपट दाणा उचलला, उजेडात धरला, अन् परत सुपातच टाकला.

"खडा नाही, तांदूळच आहे. पाहल्याबिगर मी काही फेकत नाही. तू पाहलं होतं का वं?"

मी म्हटलं, माझा भात टाकू नको, मले भूक नाही.