नियम सात

१ ऑक्टोबर, मंगळवार

आजच्या बोर्डाच्या सभेत हॅबरमननं शेवटी विषय काढलाच! रस्त्यांची खडी झाली, कोर्टाच्या छपराची गळती झाली, आणि चष्मा पुसत पुसत म्हणाला, "आता त्या होमचं एकदा काय ते ठरवून टाकू या." जणू जुना ट्रॅक्टर काढायचाय.

"लिओनार्ड, तू गप्प कसा?"

म्हटलं, "विषय आजच्या पत्रिकेवर नाही. पत्रिकेवर नसलेल्या विषयावर बोलता येत नाही."

खरंच नाही येत. आमच्या काउंटीच्या बोर्डात पाच जण, त्यातल्या चौघांना हे दर वेळी सांगावं लागतं. मतदान पाच नोव्हेंबरला. काउंटीनं हे म्हाताऱ्या-आजाऱ्यांचं होम पुढं चालवायचं की बंद करायचं.

एर्व्हिन तिथं आहे. सख्खा थोरला भाऊ, दुसरं कुणी नाही मला. होम बंद झालं तर त्याला लिंकन शहराच्या पलीकडं नेतील. आज मी मका टाकायला कोठारावर गेलो की रस्ता ओलांडून त्याच्याजवळ जातो. लिंकनला काय, महिन्यातून एकदा? आणि बर्फ पडल्यावर?

३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी होमला. एर्व्हिन खिडकीशी, लाल टोपी उलटी. टोपी सरळ केली. त्यानं डाव्या हातानं पुन्हा उलटी केली! उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर गेला तो गेला. बोलणंही गेलं, एक "आनो" उरलं. आईच्या चेक भाषेतलं "हो". भूक लागली – आनो. चिडला – आनो, पण मोठ्यानं.

पत्ते खेळलो. बोली लावायची माझी पाळी आली की मी "पास" म्हणतो, पान चांगलं असलं तरी. ही माझी पद्धत. आयुष्यभर त्यानं त्यावरून छळलंय. पूर्वी म्हणायचा, "अरे, हातात एक्का घेऊन झोपणारा माणूस तू!" आता बोलता येत नाही, तर टेबल बडवतो.

त्याची देखभाल करणाऱ्या मारिसोलनं कॉफी आणली. एर्व्हिनला पातळ काही गिळता येत नाही, सरळ फुप्फुसात जातं. कॉफीत पूड घालून ती घट्ट करावी लागते. मी चमचा उभा धरून बघतो. मारिसोल हसते. "मधासारखी, मिस्टर पोकोर्नी, मधासारखी! रोज तपासता, एक दिवस मला नोकरीवरून काढाल."

तिची कॉफी कधीच चुकत नाही. तरी मी तपासतो.

९ ऑक्टोबर

मका. दिवसभर मका. ओल अजून जास्त आहे, पण आभाळाचा भरवसा नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

होमबद्दल जाहीर सुनावणी. कोर्टाची खोली भरली, मागं माणसं भिंतीला टेकून.

रॉय बाउअर म्हणाला, "माझ्या जमिनीच्या करावर दुसऱ्यांचे म्हातारे किती वर्षं जेवणार?" तिसऱ्या रांगेतून त्याची बायको ओरडली, "रॉय, तुझी आई तिथंच मेली, आणि शेवटपर्यंत त्यांनीच धुतलीन् पुसली. खाली बस!" लोक हसले. रॉय बसला.

मग हॅबरमन माझ्याकडं वळला. सगळ्यांसमोर, गोड आवाजात. "लिओनार्ड, मतदानाच्या दिवशी नियम सातचं काय?"

मागची माणसं भिंत सोडून पुढं सरकली.

नियम सात मी लिहिला. ज्या सभासदाच्या आईबापाचा, भावंडाचा, नवराबायकोचा किंवा मुलाचा विषयाशी थेट संबंध असेल, त्यानं खुर्ची सोडून बाहेर जावं आणि मत देऊ नये. दोन वर्षांपूर्वी बर्फ काढायच्या कंत्राटात हॅबरमनचा मुलगा होता. हॅबरमन उठेना. मी नियम वाचून दाखवला, शब्दन्‌शब्द. तो व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला, जुन्या शेरीफांच्या फोटोंखाली. त्याचं तोंड अजून आठवतं.

मी म्हटलं, "नियम आहे तो आहे."

"मी आपलं विचारलं," हॅबरमन म्हणाला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

काउंटीच्या वकिलाकडं गेलो. नवा आहे, त्याच्या बुटांना अजून चिखल लागलेला नाही. म्हणाला, "कायद्यानं तुम्हाला उठायची गरज नाही, सर. कायदा फक्त तुमच्या खिशाचं बघतो. तुमच्या खिशात काही जात नाही. खुशाल मत द्या."

म्हटलं, "कायदा कमीत कमी काय करायचं ते सांगतो. नियम आम्ही आमच्यासाठी केलाय."

"मग बदला नियम."

"माझ्या भावासाठी?"

त्यानं फाईल मिटली. मला बरं वाटलं. गाडीत बसल्यावर ते बरं वाटणं टिकलं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या तळघरात जेवण. बदक, डंपलिंग, आंबट कोबी. कॉनी ओल्टमन ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. बोर्डात आहे, त्याआधी जन्मभर चौथीला शिकवलं. अजून चौथीतल्यासारखीच बोलते.

"हिशेब ऐक. मी हो. मार्व्ह स्ट्रान्स्की हो, त्याच्याशी मी बोलले. हॅबरमन आणि रिक टीटर नाही. तू हो म्हणालास की तीन विरुद्ध दोन. तू व्हरांड्यात बसलास की दोन-दोन. बरोबरीत ठराव पडतो. हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"रिक ऐन वेळी फिरेल. त्याची सासू तिथं स्वयंपाकीण होती."

"रिक हॅबरमनच्या तोंडाकडं बघून शिंकतो! लिओनार्ड, या काउंटीत प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या घरात आहे. मावशा, आत्या, चुलत भाऊ. तुझ्या नियमात फक्त सख्खे बसतात, म्हणून तूच तेवढा सोवळा?"

म्हटलं, "नियमाला कुठंतरी रेघ ओढावी लागते."

ती उठली. जाताना म्हणाली, "एर्व्हिन तुझ्या जागी असता तर खुर्चीला खिळे ठोकून बसला असता."

असता. पण नियम त्यानं लिहिला नाही. मी लिहिला. वडील गेल्यावर दोघांचीही शाळा सुटली, पण त्यानं शेत धरलं आणि मला म्हणायचा, तू वाच. लिलावात लोक नांगर बघायचे, हा पुस्तकांची खोकी उचलायचा. एक डॉलर, दोन डॉलर. आत काय आहे हेही बघायचा नाही. त्यातल्याच एका खोक्यात सभा कशी चालवावी याचं पुस्तक निघालं. मी ते पाठ केलं. बोर्डात मला जे काही येतं ते त्या खोक्यातलं.

३१ ऑक्टोबर

एर्व्हिनला सगळं सांगितलं. होमचं, नियमाचं, माझं. ऐकत होता, हे नक्की. शेवटी विचारलं, "मी बसून राहू का?"

"आनो."

"की उठू?"

"आनो."

मग त्यानं मला पत्ते पिसायला लावले. माझी पाळी आली. पास म्हटलं. त्यानं टेबल बडवलं नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

उठलो.

विषय पुकारल्यावर खुर्ची मागं सरकवली आणि म्हटलं, "नियम सातप्रमाणे." एवढंच. दारापर्यंत जाताना मार्व्ह हळूच म्हणाला, "बस रे बाबा, बस!" मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर बसलो असतो.

व्हरांड्यातलं बाक अरुंद आहे. शेरीफ सगळे मिशांचे. दार जाड, तरी जोलीनचा आवाज येतो, ती क्लार्क आहे, बारा महिने सर्दी. नावं आद्याक्षरांप्रमाणे वाचते. हॅबरमन – थोडा वेळ गेला – नाही. ओल्टमन – हो. माझं नाव वगळलं. स्ट्रान्स्की – हो. टीटर –

रिक फिरेल असं मला खरंच वाटत होतं.

नाही.

कुणीतरी आत रडलं. बाई होती. खोलीतून बाहेर येणारी माणसं मला बघून बाजूनं गेली, बाकाला अंग लागू नये तशी. रॉय बाउअरची बायको तेवढी थांबली. "तुमची मान ताठ राहिली ना, लिओनार्ड?" म्हणाली. उत्तराची वाट न बघता गेली.

६ नोव्हेंबर

होमला गेलो नाही. कोठारावरून सरळ घरी.

९ नोव्हेंबर, शनिवार

मारिसोल चालली. जानेवारीच्या अखेरीपर्यंत होम चालू राहणार, पण तिला मांसाच्या कारखान्यात जागा मिळाली आणि ती सोमवारपासून. "दोन मुली आहेत, मिस्टर पोकोर्नी. बंद होणाऱ्या घरात मी कशाची वाट बघू?" तिचं बरोबर आहे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघी आधीच गेल्यात. आता एजन्सीची माणसं येतील, रोज नवी.

तिनं एर्व्हिनची टोपी उलटी करून दिली, त्याला आवडते तशी. मग कपाळाचा मुका घेतला. त्यानं "आनो" म्हटलं, अगदी हळू.

मी भिंतीवर कागद लावला, मोठ्या अक्षरांत: कॉफी घट्ट. पाणी घट्ट. सूप घट्ट.

त्याला घरी का नेत नाही, असं कॉनी विचारेल. झटक्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात नेला होता. न्हाणीघरात दोघंही पडलो. त्याला उचलायला दोन माणसं लागतात आणि मी एकटा. लग्न मी केलं नाही, त्यानंही नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी हॅबरमनची गाडी अंगणात! हातात हरणाचं सॉसेज, कागदात गुंडाळलेलं. मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"लिओनार्ड, तू खरंच उठशील असं मला वाटलं नव्हतं."

"तूच तर विचारलंस."

"चिडवलं रे! त्या बाकावर मला बसवलं होतंस, म्हणून. माझा हिशेब असा – मी नाही म्हणेन, रिक नाही म्हणेल, कर भरणारे खूश. तुम्ही तिघं हो म्हणाल, होम चालू. सगळे सुखी. कोण आपल्या सख्ख्या भावाला एका नियमापायी बाहेर काढतो?"

"मग मी उठल्यावर तू हो म्हणायचंस."

तो टोपी फिरवत राहिला. "जोलीननं पहिलं माझंच नाव घेतलं. सकाळी कॅफेत सगळ्यांना सांगून आलो होतो की नाही म्हणणार. ते सगळे समोर बसलेले. तोंडातून तेच निघालं."

मग त्यानं मलाच माझं पुस्तक शिकवलं! जिंकलेल्या बाजूचा माणूस पुढच्याच सभेत ठराव पुन्हा विचारात घ्या म्हणू शकतो. फक्त पुढच्याच. "एकोणीस तारखेला मी तसं म्हणतो. कॉनी आणि मार्व्ह साथ देतील. पण माझं मत मी बदलणार नाही. बदललं तर मे महिन्यात निवडणुकीत गेलोच. तिसरं 'हो' तुझं. तू फक्त खुर्चीवरून उठू नकोस. नियम सातचं नाव मी काढणार नाही, कुणी काढणार नाही."

"मला माहीत असेल."

"हो," हॅबरमन म्हणाला. "तुला माहीत असेल. तेवढं सोस."

सॉसेज टेबलावर ठेवून गेला. अजून तिथंच आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

एर्व्हिन खोकतोय. एजन्सीची नवी मुलगी, भली आहे, घाबरलेली. कप बघितला. चमचा फिरवला.

पातळ. पाण्यासारखी.

"त्यांनी मागितली," ती म्हणाली. "मी विचारलं, अशीच देऊ का? तर ते आनो म्हणाले. मागच्या पाळीच्या बाईनं सांगितलं होतं – आनो म्हणजे हो ना?"

कागद भिंतीवरून पडला होता. पलंगाच्या मागं सापडला. चिकटपट्टी मी लावली होती ती.

तिला ओरडलो नाही. काय ओरडणार! मारिसोल गेली ती का गेली?

१५ नोव्हेंबर

ताप. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसात उतरलंय. हॉस्पिटलला हलवू नका, असं एर्व्हिननं झटक्याच्या आधीच सही करून ठेवलेलं. तो माझ्यासारखा नव्हता, पण कागद नीट करायचा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर त्याच्याजवळ. श्वास घरघरतो. ओठ ओल्या स्पंजानं पुसले. टोपी उलटी.

मंगळवारचं ठरत नाही. बसलो तर नियमाची किंमत काय, आणि दोन वर्षांपूर्वी हॅबरमनला बाहेर पाठवणारा मी कोण? उठलो तर हा लिंकनच्या पलीकडं, अनोळखी माणसांच्या हातात, पातळ कॉफीच्या भरवशावर. रोज अर्धा दिवस बसायचं ठरवतो. रोज अर्धा दिवस उठायचं.

त्याला म्हटलं, "एर्व्हिन, या वेळी बोली लावू का?"

डोळे उघडे होते. बोट हललं का? मला दिसलं असं वाटतं. शपथेवर सांगता येणार नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हॅबरमननं ठराव पुन्हा मांडला. जोलीननं नावं वाचली. माझं नावही वाचलं. सगळे माझ्या खुर्चीकडं बघत होते – उठतो की काय!

उठायचं कारण उरलं नव्हतं. नियम सातमध्ये हयात भाऊ लागतो. एर्व्हिन रविवारी पहाटे गेला. दफन गुरुवारी.

मी बसून राहिलो. "हो" म्हटलं. तीन विरुद्ध दोन. होम चालू राहणार.