सहाव्या बाकावरची पाठमोरी

६ जानेवारी, सोमवार
नाशिक रोडचं हे जुनं चर्च पाहताक्षणी आवडलं. चौतीस वर्षं शाळेत पोरांना यथार्थदर्शन शिकवलं. आता निवृत्त झालोय, तर स्वतः काढतोय! फादरांनी किल्लीच हातात दिली. दाराशी बोर्ड मांडला, कागदावर वेदीच्या जागी टाचणी टोचली, तिला दोरा बांधला. दोरा ताणला की बाकांची प्रत्येक रेघ टाचणीकडे पळते. जलरंग दोनच आणलेत, तपकिरी आणि राखाडी. भडक रंगांशी माझं कधी पटलं नाही. रविवारी लेक हर्षाली पुण्याहून येईल, तोवर चित्र पुरं करायचंच.

७ जानेवारी
प्रमाणासाठी चित्रात एक माणूस हवाच, हे मी सातवीच्या पोरांकडूनही घोकून घेतलं. दारापासून सहाव्या बाकावर पाठमोरी मुलगी काढली. हात आपोआप हर्षालीच्या वेणीकडे वळला. झाडलोट करणाऱ्या नवसाबाई बघून चरकल्याच. म्हणाल्या, इथं चित्रात माणूस बसवायचा नाय सर, अन् बसवला तर पुसायचा नाय. मला हसू आलं.

८ जानेवारी
मुलगी चौथ्या बाकावर आहे. दोरा लावून तीनदा पाहिलं. बाक जवळचा, तेवढीच ती मोठी. प्रमाण अचूक आहे. इतकं अचूक मला कधी जमलं नाही.

१० जानेवारी
दुसरा बाक. खांद्यावर पिवळी ओढणी. माझ्या पेटीत पिवळा रंगच नाही. फार भीती वाटतेय. हर्षालीला फोन करून येऊ नकोस म्हटलं. ती हसली, तिकीट काढलंय म्हणाली.

१२ जानेवारी, रविवार
आली. स्टेशनवरून थेट इथंच. पिवळी ओढणी. दमले म्हणत दाराजवळच्या पहिल्या बाकावर बसली, वेदीकडे तोंड करून.
चित्रातही पहिला बाक.
पुसून टाकलं की सुटेल पोर. ओला स्पंज घेतला. पायांपासून सुरुवात—

हर्षाली म्हणतेय, बाबा, मला पाय जाणवत नाहीत.
वाकून पाहिलं. बाकाखाली नुसती फरशी.

परत काढले. रंग वाळेपर्यंत लिहितोय. पाय आलेत. राखाडी. थंड आहेत म्हणते.
स्पंजचं पाणी कागदात वर चढतंय— ओढणी, मान— सगळं पुन्हा काढतोय, राखाडीनेच—
चेहरा मी काढलाच नव्हता. पाठमोरी होती ना—
ती हाक मारतेय. वळतेय. हर्षाली, नको, इकडे बघू न