पातेल्यांची शिक्षा

मंगळवार, ४ मार्च

पॅनकेक संपले! एकूण एक! सकाळी गावसभा आणि संध्याकाळी चर्चच्या तळघरात पॅनकेक, त्यामुळे अख्खं गाव लोटलं, पलीकडचे कॅथलिकसुद्धा. उद्यापासून लेंट, म्हणजे ईस्टरपर्यंत चाळीस दिवस आवडीचं काहीतरी सोडायचं, म्हणून सगळ्यांनी मेपलच्या पाकात हात धुऊन घेतले.

शेवटी मुलांनी 'हालेलूया' लिहिलेलं निशाण पत्र्याच्या डब्यात बंद केलं. खरं तर पुरायचं असतं, पण जमीन अजून दगडासारखी गोठलेली. डबा वेदीमागच्या कपाटात ठेवला. आता ईस्टरपर्यंत तो आनंदाचा शब्द चर्चमध्ये कुणी उच्चारायचा नाही. मी तर यापुढे इथेही लिहिणार नाही. लेंटमध्ये दर बुधवारी तळघरात सूपचं जेवण असतं; ज्याच्या तोंडून निसटेल त्याने त्या सूपची पातेली घासायची — हा दंड आमच्या वेंडेलनेच काढला, आमचं लग्न नवीन होतं तेव्हा. कुणी चुकलं की मागच्या बाकावरून ह्याची आरोळी: "पातेली!" खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

यंदा कोण ओरडणार?

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. सगळ्यांच्या कपाळाला राख. वेंडेलला लावताना पाळकबाई ग्रेचेन यांचा अंगठा क्षणभर थांबला.

थेल्माने विचारलं, "यंदा काय सोडलंस, नेल?" म्हटलं, लोकांच्या चुका काढणं. "अगं बाई! मग चाळीस दिवस बोलणार काय तू?" ही ऑर्गन वाजवते आणि शाळेपासून माझं डोकं खाते.

गुरुवार, ६ मार्च

मोडलं. वेदीवरचं जांभळं कापड थेल्माने उलटं घातलं होतं. सांगावंच लागलं.

सोमवार, १० मार्च

पायपर आली होती — वेंडेलला पुन्हा बोलायला शिकवते ती. जानेवारीत पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडून एक शब्द नाही. समजतं सगळं. पेपर वाचतो, पत्त्यांत मला हरवतो, वर लबाडीही करतो. पायपर म्हणाली, "शब्द आत आहेत हो, वाट सापडत नाहीये त्यांना. एखादा सवयीचा शब्द आपोआप निसटेल. तुम्ही मागे लागू नका."

मी मागे लागते. काल कॉफीचा कप हातात धरून बसले — "म्हण कॉफी. म्हण ना!" त्याने मान फिरवली. कॉफी गार झाली. माझीच लाज वाटली मला.

पण घर इतकं गप्प आहे की फ्रिजच्या घरघरीचाही राग येतो. मला त्याचा आवाज हवाय. गोड बोलणारा नको — चिडवणारा, अर्धवट ऐकून भांडणारा, तोच.

रविवार, १६ मार्च

पाळकबाईच चुकल्या! प्रार्थनेत नाही, सूचना देताना! बुधवारच्या सूपसाठी इतकी नावं आली की बाईंना राहवलं नाही, आणि तो शब्द खणखणीत बाहेर!

सगळ्या माना सवयीने मागे वळल्या. वेंडेलकडे. त्याने बोट वर केलं. तोंड उघडलं. मानेची शीर फुगली. काही नाही. 

मग ऑर्गनवरून थेल्मा ओरडली, "पातेली!" — आणि हशा पिकला. वेंडेलही हसला, अर्ध्या चेहऱ्याने. मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र रडू आवरेना. ह्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणजे धीर मीच घ्यायचा, त्याच्याकडून!

बुधवार, १९ मार्च

थेल्माने वाटाण्याचं सूप तळाला असं करपवलं की पाळकबाई कोपरापर्यंत काळ्या. "देवाने मला बोलावलं तेव्हा ह्याबद्दल काहीच बोलला नव्हता," म्हणाल्या. मी घासायला एक हातही लावला नाही. नियम म्हणजे नियम.

बुधवार, २ एप्रिल

थेल्मा म्हणे, "इतक्या वर्षांत तू एकदाही कशी चुकली नाहीस गं? तोंडाला कुलूप लावून येतेस?"

"शिस्त म्हणतात त्याला," मी म्हटलं.

वेंडेलने छताकडे डोळे फिरवले. शब्दाविनाही हा माणूस उलट उत्तर देतो!

रविवार, ६ एप्रिल

चर्चचा बॉयलर बंद पडला. सुटा भाग मिळायला वेळ लागणार म्हणे. सगळे ओव्हरकोटात. प्रवचन आपोआप लहान झालं, तेवढा फायदा.

रविवार, १३ एप्रिल

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, हातमोजे घालून. वेंडेलने झावळीचं टोक मागून माझ्या कॉलरमध्ये खुपसलं. मी भर स्तोत्रात किंचाळले. खोड्या शाबूत आहेत म्हणायच्या.

गुरुवार, १७ एप्रिल

एकमेकांचे पाय धुण्याचा विधी. बॉयलर नाही, पाणी बर्फासारखं. थेल्माचे पाय माझ्या वाट्याला आले. "बदला घेतेयस होय गं?" ती कुजबुजली.

उद्या गुड फ्रायडे, म्हणून नंतर वेदी रिकामी केली. कापडं, मेणबत्त्या, सगळं. उघड्या वेदीसमोर उभी राहून मी सरळ भांडले. देवा, ह्याचा एकच शब्द मागतेय. तुझ्याकडे काय कमी आहेत?

शनिवार, १९ एप्रिल

सकाळी उद्याची तयारी. बॉयलरचा सुटा भाग आला म्हणे, मेकॅनिक तळघरात खटपट करत होता. वेंडेलला मागच्या बाकावर ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसवलं. मी लिलीची कुंडी घेऊन चाललेय, बोटं बधिर — आणि पायांखाली घरघर झाली. बॉयलर! पाइप कडकडले, ऊब यायला लागली, आणि माझ्या तोंडून निसटलं — "हालेलूया!"

मी! ईस्टरला काही तास उरलेले असताना!

आणि मागून, घोगरं, गंजलेलं, पण मोठ्याने: "पा... पातेली!"

कुंडी फुटली. थेल्मा ऑर्गनवर डोकं टेकून रडत होती. मी मागे वळले तर ह्याचं बोट माझ्याकडे रोखलेलं. "पातेली," पुन्हा म्हणाला. दंड माफ करायचा विचार दिसत नव्हता.

तळघरात एकही पातेलं खरकटं नव्हतं. मी सगळी फडताळातून काढली आणि घासली. तो स्टुलावर बसून एकेका पातेल्याकडे बोट दाखवत होता आणि दर वेळी म्हणत होता, "पातेली."