दोन इंचांची फट

१४ मार्च

ती. दादास,
सा. नमस्कार. इकडे सर्व ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना कमी चढ म्हणावं. माझं मांजर पुन्हा व्यायलंय, यंदा चार. आमच्या तंत्रशाळेत वायरिंगच्या वर्गाला अठ्ठावीस मुली आहेत आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बोलघेवड्या.

दोन वर्षांनी पत्र टाकलं ते मांजराची बातमी द्यायला नाही, हे तू ओळखलं असशीलच.

शाळेच्या फाटकाजवळचा ओटा अजून तसाच आहे. नऊ चौरस दगड, एकाच्या मापाचा दुसरा नाही, आणि भिंतीकडे दोन इंचांची फट. मुलींच्या पेन्सिली तिच्यात पडतात.

आकृती माझी होती. प्रत्येक दगडाच्या जागी एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा, जोडायचा. सगळे सारखेच, शंभर ओहमचे. ज्यातून जेवढी वीज वाहील, तेवढी त्या दगडाची बाजू, एकाला दोन इंच धरून. अख्ख्या जाळ्याचा रोध एका रेझिस्टरएवढा, म्हणजे शंभर भरला, तर ओटा अगदी चौरस. मीटरवर सत्त्याण्णव आले. मीटर म्हातारं झालंय, असं म्हणून मी मोकळी झाले.

कागद बघून तू विचारलंस, "अगं, आडवे अठरा नि पंधरा तेहतीस होतात. उभे अठरा नि चौदा बत्तीसच. हे कसं काय?"

"दादा, तू दगड काप. गणित माझ्यावर सोड." शहाणी मोठी!

उद्घाटनाला पाहुण्यांनी फटीत बोट घालून दाखवलं. मोठ्या बाईंनी विचारलं, कोणाचं चुकलं? मी म्हणाले, "मिस्त्रींच्या मापात फरक पडला असेल." तू तिथेच उभा होतास, हातात थापी. माझ्याकडे एकदा बघितलंस आणि हात धुवायला गेलास. मग शाळेनं तुला पुन्हा बोलावलं नाही. लोक 'फटवाले मिस्त्री' म्हणायला लागले आणि तू बिऱ्हाड हलवलंस.

दादा, तुझं माप बरोबर होतं. मला ते तेव्हाच ठाऊक होतं. लाज वाटली म्हणून तुला पुढे केलं.

काल शिक्षकांच्या बैठकीत उभी राहून मी हे सगळं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "ओटा नव्यानं करून घ्या." मी म्हटलं, करून घेते, पण मिस्त्री तेच हवेत.

सगळे दगड वेगळ्या मापाचे हवेत, तर नऊमध्ये चौरस होतच नाही. निदान एकवीस लागतात. हे मला आधी माहीत नव्हतं, आता पुस्तकातून शिकले. एकवीस रेझिस्टर जोडून बघितले. त्याच म्हाताऱ्या मीटरनं बिनचूक शंभर दाखवले. वरच्या कडेला पन्नास, पस्तीस, सत्तावीस. डावीकडे पन्नास, एकोणतीस, तेहतीस. दोन्हीकडे एकशे बारा. पूर्ण आकृती सोबत ठेवली आहे.

येशील का? तू नाही म्हणालास तर दुसरा मिस्त्री मी येऊ देणार नाही. फट राहील, आणि जो कोणी तिच्याबद्दल विचारेल त्याला मी वर्ग सोडून बाहेर येऊन सांगेन, की ही माझी. हे ठरलंय, तू रागावलास तरी.

भर माणसांत तुला मान खाली घालायला लावणारी,
तुझीच धाकटी